म्हापशाला साडेचार तास

मोपाहून निळ्या बसने उतरलो तेव्हा सव्वादहा.
दोडामार्गची गाडी पावणेतीनला.
मधे एक असते, पण ती
"केन्ना येता, केन्ना ना."
खिडकीतल्या माणसाने हे सांगितलं
उन्हाळा आहे असं सांगावं तसं,
वर न बघता.

ओउलूत बस दोन मिनिटं मागे पडली
तर थांब्यावरचा फलकच आधी माफी मागतो.
नऊ वर्षं मी तिथे उभा राहिलो,
पुढच्या माणसापासून दोन हात लांब,
बर्फात, गप्प.
आणि ते मला आवडायला लागलं होतं
हे मला इथे कळलं,
कुणा काकांचं कोपर माझ्या बरगडीत असताना.

चहा घेतला. सवयीने तोंडातून गेलं, "कीतोस."
पोऱ्याने ऐकलं "किती", म्हणाला, "पंदरा."
पाकिटात जपून ठेवलेली पाचशेची नोट दिली.
त्याने ती उजेडाकडे धरली,
मग शेजारच्याला दाखवली,
मग दोघांनी मिळून मला बघितलं.
ही नोट मेली, मी गेलो त्याच वर्षी.
कोपरवाल्या काकांनी फोन पुढे केला, टुंग वाजलं,
पंधरा रुपये गेले, आणि काका
आपल्या पावभाजीकडे वळले.
मी आभार मानायला उरलो
त्यांच्या पाठीसमोर.

शुक्रवार होता. बाजार स्टँडापर्यंत सांडलेला.
बाकावर जागा चौघांची, बसलेले सहा,
सातवा मी. आणि मग ती:
डोक्यावर पाटी, काखेत झोपलेलं पोर.
"मातशें धर रे हाका, हांव आयलेंच."
धरलं.
धरू का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

तिकडे परक्याच्या मुलाकडे बघून हसायचं
तर आधी आईच्या डोळ्यांत बघून घेतात.
खालच्या मजल्यावरच्या लेहतोनेनबाईंचं पहिलं नाव
मला सहा वर्षांत कळलं नाही.
आणि हे दोन-अडीच वर्षांचं ओझं,
केसांना खोबरेल, बोटांना सुक्या सुंगटांचा वास,
माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून
असं झोपलं होतं
की मी श्वाससुद्धा विचारून घेत होतो.

पायाशी बॅग. बॅगेत भावाने पाठवलेली फाईल.
हक्कसोडपत्र. पेन्सिलीच्या तीन फुल्या,
'इथे सही'.
सोमवारी परतीचं विमान.
हात मोकळा असता तर एकदा पुन्हा वाचलं असतं.

एक दहाला मधली गाडी आली.
आज ती येणाऱ्यांतली होती.
"दोडामार्ग, दोडामार्ग!"
कंडक्टरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.
मी मान हलवली,
ती आपल्याकडची मान, जी हो असते आणि नाहीही.
इतक्या वर्षांनी करून बघितली, नीट जमली नसावी.
त्याने तिचा जो अर्थ लावायचा तो लावला.
गाडी गेली.

ती आली दीडच्या पुढे.
पाटीत केरसुण्या, हातात बर्फाचा गोळा,
अर्धा वितळलेला.
खुंटीवरून पिशवी काढावी तसं पोर उचललं.
मी "काही हरकत नाही" तोंडात तयार ठेवलं होतं.
ते लागलं नाही.
"भुरगीं आसात?"
नाहीत.
"जातलीं," म्हणाली,
आणि पेडण्याच्या बसमध्ये चढली,
पोराला गोळा लाल लागला होता की हिरवा
हे दिसायच्या आत.

शर्टावर लाळेचा डाग, तळहाताएवढा.
वाळेपर्यंत मी तिथेच बसलो.
मग खिडकीशी गेलो.
पावणेतीनची येईल ना?
"येतली." या वेळी त्याने वर बघितलं.
"तूं खंयचो?"
दोडामार्गचा, म्हटलं.
एवढं पुरे होतं. मागे रांग नव्हती,
पण माणसं होती, आणि त्यांची कोपरं.
तरी मी पुढे बोललो, कुणी विचारलं नसताना:
"सोळा गुंठे काजू आहे आमची तिथे."